कुणाच्या आत्याच्या मांजरी

पाणीपुरवठा खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर छत गळत होतं, आणि यात काही गंमत आहे असं खात्यातल्या कुणालाच वाटत नव्हतं. शिपायाने गळतीखाली बादली ठेवली होती. येणारे-जाणारे तिला सवयीने वळसा घालून जायचे. नवा माणूस मात्र कसा घालणार? त्या दिवशी एका नव्या माणसाचा पाय बुटासकट सरळ बादलीत गेला.

उंच, किडकिडीत, हातात ओली छत्री… आणि आपण हे काय करून बसलो याचा अंदाज घेत तो एका पायावर उभा. समोरून ती येत होती, लॅपटॉप छातीशी धरून, तोंडातल्या तोंडात भाषणाची तयारी करत. तिला हसायचं नव्हतं. पण हसू आलं, आणि चांगलं खळखळून आलं.

"हसा, हसा," तो म्हणाला. "पाणी वाया जाऊ नये म्हणून बुटात साठवतोय."

"खात्यातर्फे आभार," ती म्हणाली. "पण बादली इथेच सोडा. सरकारी आहे."

"मीटिंगची खोली कुठेय?"

"मी तिकडेच निघालेय. तुम्ही…?"

"कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. इथे कुणीतरी नवा प्रोग्रॅम लिहिलाय म्हणे. त्याचे आकडे बरोबर येतात का ते बघायला बोलावलंय."

"कुणीतरी म्हणजे मी."

"अरे देवा," तो म्हणाला, आणि बादलीतून पाय काढून घेतला. "मग आता माझा धाक कसा बसणार?"

तिने टेबलावरचं जुनं वर्तमानपत्र उचललं, दोन पानं चुरगाळून त्याच्या हातात दिली. बुटात कोंबायला. ती घेताना त्याने तिच्याकडे असं काही पाहिलं, की तिला भाषणाचं पहिलं वाक्यच आठवेना. गोष्ट इथे सुरू झाली असं तिला पुढे बरेच दिवस वाटत राहिलं. तसं नव्हतं. ती त्याच्याआधीच सुरू झाली होती, आणि तिची सुरुवात काही सांगण्यासारखी नव्हती.

झालं होतं असं. खात्याचे पंप, टाक्या आणि मीटर यांचा सगळा कारभार ज्या प्रोग्रॅमवर चालायचा, तो निवृत्त झालेल्या मोठ्या साहेबांनी एका भलत्याच भाषेत लिहून ठेवला होता. कॉम्प्युटरच्या भाषा शेकड्यांनी आहेत. त्यातली ही म्हणजे अगदी आडबाजूची. खात्यात तिला 'मोठ्या साहेबांची भाषा' म्हणत. आता मॅडमना, म्हणजे विभागप्रमुख बाईंना, कुठे किती पाणी गळतंय याचा छडा लावायचा होता. त्यासाठी ढीगभर आकडे चाळायचे, आणि तेही त्याच भाषेत, कारण पंपांना दुसरी कळत नव्हती.

नेहमीच्या भाषांत हे काम सोपं असतं. तिथे लायब्ररी मिळते. पुस्तकांची नव्हे, कुणीतरी आधीच लिहून, तपासून, जगासाठी मांडून ठेवलेलं काम. सरासरी काढा, तक्ते जोडा, आलेख काढा, सगळं तयार. चार ओळी लिहिल्या की झालं. या भाषेत तिने शोध शोध शोधलं. एक लायब्ररी सापडली, तिच्या लेखकाने 'लग्न झालं, आता वेळ मिळत नाही' असं लिहून कधीच रजा घेतली होती. दुसरी सरासरीच्या पुढे जात नव्हती. तिसरीच्या माहितीपानावर फक्त 'लवकरच येत आहे' एवढंच होतं, आणि ते 'लवकरच' फार जुनं होतं.

मीटिंगमध्ये मॅडमनी विचारलं, "मिळाली का?"

"नाही मिळाली," ती म्हणाली. इथे थांबायला हवं होतं. पण घरी दादा तिला दीडशहाणी म्हणतो ते उगाच नाही. "पण काही अडत नाही. मीच लिहीन."

सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. ती कंत्राटावर होती, आणि खात्यात एक कायमची जागा निघणार होती. त्या माना वळलेल्या तिला फार आवडल्या.

लिहिता मात्र येईना. तिच्या लायब्ररीने एका वस्तीचा पाण्याचा वापर उणे काढला. म्हणजे ती वस्तीच खात्याला पाणी पुरवत होती. आठवडे गेले, झोप गेली, वहिनीने वाढलेलं ताट गार होऊ लागलं. आणि मग एका दुपारी, शोधाच्या कुठल्या तरी तळाच्या पानावर, तिला ती सापडली. लहानशी, नेटकी, सगळं करणारी लायब्ररी. लिहिणाऱ्याने खरं नाव दिलं नव्हतं. नुसतं 'पावशेर'.

तिने माहितीपान वाचायला घेतलं आणि वाचतच राहिली. असली पानं एरवी औषधाच्या बाटलीवरच्या सूचनांइतकी रटाळ असतात. याने उदाहरणाला आत्याच्या मांजरी घेतल्या होत्या. तक्त्यात त्यांची नावं, वयं आणि वजनं. बाईसाहेब, ढेकूळ, निमित्त आणि सरकार. सरकारच्या वजनाची जागा रिकामी, आणि खाली लिहिलेलं: 'सरकार काट्यावर बसायला तयार नाही. त्याचं वजन आपल्याला माहीत नाही. म्हणून ते शून्य धरू नये. सरकारला एकदा बघितलंत तर असं करायची हिंमतच होणार नाही.' खात्याचा जुना प्रोग्रॅम नेमकी हीच चूक करत होता, बंद मीटरचं पाणी शून्य धरत होता. ती एकटीच हसली. मग परत वरून वाचलं. असं लिहिणारा माणूस कसा असेल… रात्री कुशीवर वळताना तिच्या मनात आलं, आणि स्वतःचीच गंमत वाटली.

सगळ्यात वर एकच अट होती: 'वापरा, बदला, मोडा, विका. फक्त माझ्या नावाची ही ओळ काढू नका.'

ती मॅडमना सांगणारच होती. खरंच. पण मॅडम मागून आल्या, पडद्यावर धडाधड पळणारे आकडे पाहिले, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "केलंस की गं तू. वर कळवते." मॅडम कुणाच्या खांद्यावर हात ठेवत नसत. तिने तोंड उघडलं, आणि त्यातून "हो" बाहेर पडलं.

मग ती ओळ राहिली. ती तशी ठेवून चालणार नव्हतं. नंतर सगळं नवं, स्वतःचं लिहून होईपर्यंतच… असं स्वतःला सांगत तिने ती पुसली. पुसायला काही वेळ लागला नाही. कान मात्र घरी पोचेपर्यंत गरम होते.

आणि आता, बुटात वर्तमानपत्र कोंबलेला संख्याशास्त्राचा सर पहिल्या रांगेत बसला होता, आणि ती मोठ्या पडद्यासमोर उभी राहून म्हणाली, "आधी एक छोटा नमुना दाखवते."

बटण दाबलं. पडद्यावर बाईसाहेब आली, ढेकूळ आला, निमित्त आली. शेवटी सरकार, वजनाविना.

नाव तिने पुसलं होतं. पण लायब्ररीच्या पोटात तिच्या स्वतःच्या चाचण्या असतात, आणि नमुन्याला आपोआप येणाऱ्या त्या चाचण्यांत सगळ्या मांजरी जशाच्या तशा होत्या. चालतंय ना, मग हात कशाला लावा, म्हणून कुठलाही प्रोग्रॅमर जे सोडून देतो ते तिनेही सोडून दिलं होतं.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या.

"नमुन्यासाठी घेतलंय," ती म्हणाली. "मांजरी आहेत. आमच्या… आत्याच्या."

सर बुटाकडे बघत होता. त्याने मान वर केली. "तुमच्या आत्याच्या?"

"हो."

खोलीत गळतीचा टपटप आवाज ऐकू येत होता. मग त्याने विचारलं, अगदी मऊ आवाजात, "सरकारचं वजन का नाही हो दिलेलं?"

"तो काट्यावर बसत नाही."

"हं," तो म्हणाला. "बोकाच तसला दिसतोय."

सगळे हसले. तीही हसली. सर हसला नाही, हे तिच्या लक्षात आलं. पण तिला वाटलं, ओल्या पायाने माणूस किती हसणार?

त्यानंतर तो दर गुरुवारी येऊ लागला. आकडे तपासायला. आकडे बरोबरच होते, ते त्याला पहिल्याच गुरुवारी कळलं असणार, पण तपासणी काही संपेना. दुपारी कॉफीच्या मशीनपाशी तो तिच्याआधी पोचलेला असायचा. मशीन साखर जास्त टाकायचं, म्हणून तो तिच्या कपात वरून गरम पाणी घालून द्यायचा, न विचारता. गुरुवारी ती केस नीट विंचरून येऊ लागली. वहिनीने पाहिलं, आणि काही न बोलता आपली हिरवी ओढणी तिच्या खुर्चीवर टाकून ठेवली.

"काय म्हणतात मांजरी?" तो विचारायचा. दर वेळी.

"बऱ्या आहेत."

"आणि निमित्त?"

"तिला सर्दी झालीय."

"मांजरांना सर्दी होते?"

"आत्याच्या होते."

"आत्या फार प्रेमळ दिसतात. कशा आहेत हो स्वभावाने?"

तिची खरी आत्या मांजर नुसतं गल्लीतून गेलं तरी शिंकायला लागायची. "प्रेमळच," ती म्हणायची, आणि कॉफीत बघायची. तो हसायचा, पण मध्येच त्याचं हसू थांबायचं… आणि तो खिडकीबाहेर बघायला लागायचा.

खोटं एकदा बोललं की त्याला रोज खाऊपिऊ घालावं लागतं. तिने ढेकळाचं ऑपरेशन केलं, बाईसाहेबला पिल्लं झाली. दर गुरुवारी घरी जाताना तिला स्वतःची लाज वाटायची, आणि दर गुरुवारची वाट बघितल्याशिवाय राहवायचंही नाही. त्यात आणखी एक भर. संध्याकाळी ती अजूनही पावशेरचं ते माहितीपान उघडून वाचायची. सरांबरोबर हसून आल्यावर परत या कुठल्या अनोळखी माणसाचं वाचून हसायचं, आणि तेही ज्याची आपण चोरी केली त्याचं… आपण दोघांनाही फसवतोय असं तिला वाटायचं. हे कुणाला सांगणार? वहिनीला सांगितलं असतं तर तिने आधी ताप बघितला असता.

मग मॅडमनी बातमी दिली. वार्षिक सभेत सगळ्या शहरांच्या पाणीखात्यांची माणसं येणार होती. तिथे तिने आपली लायब्ररी दाखवायची, आणि खातं ती सगळ्यांना वाटणार. तिच्या नावाने.

"आणि त्या कायमच्या जागेचं," मॅडम म्हणाल्या, "मी तुझं नाव दिलंय. खाली मान घालू नकोस अशी. कमावलंयस तू."

तिने मान वर केली नाही.

सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाऊस बारीक लागला होता. सर गुरुवार नसताना आला. दाराशी छत्री घेऊन उभा.

"वेळ आहे? एके ठिकाणी यायचंय. जवळच आहे."

"कुठे?"

"आल्यावर कळेल."

एका छत्रीत दोघं निघाले. छत्री त्याने इतकी तिच्या बाजूला कलती धरली होती, की त्याचा दुसरा खांदा चिंब झाला. ती म्हणाली, "तुम्ही भिजताय." तो म्हणाला, "मला सवय आहे. तुमच्या खात्याने लावलीय." एरवी तिने यावर काहीतरी टोला हाणला असता. पण आज त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. आज हा काहीतरी विचारणार, असं तिला वाटलं. विचारलं तर काय सांगायचं? ज्या तोंडाने दर गुरुवारी मांजरींचं खोटं सांगितलं, त्याच तोंडाने हो म्हणायचं?

बैठ्या घरांची एक ओळ होती. एका दारापुढे कुंड्या, कुंडीत माती कमी आणि केस जास्त. त्याने कडी वाजवली. आतून आवाज आला, "आलास का रे पावशेर? दार लोटलेलंच आहे, पाय पूस आधी."

तिला ऐकू आलं, पण कळायला क्षण गेला. तोवर दार उघडलं होतं. पायपुसण्यावर एक प्रचंड पिवळा बोका बसला होता, उठायचा काही विचार नसलेला. त्याला कुणी ओळख करून द्यायची गरजच नव्हती.

"ही का ती?" दारात आलेल्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. चष्मा कपाळावर, हातात मांजराची वाटी. "ये गं, आत ये. हा सांगत होता, माझ्या मांजरी तुला फार आवडल्यात म्हणून. मी म्हटलं, न बघताच? लहानपणी एवढासा होता हा, मूठभर, म्हणून पावशेर म्हणते. तू नको म्हणूस हो, त्याला आवडत नाही. ही निमित्त. लाजते जरा. आणि हा आमचा सरकार, याला ओलांडून यावं लागतं."

ती ओलांडू शकली नाही. डोक्यापासून पायापर्यंत पेटल्यासारखं झालं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात ते का म्हणतात, हे तिला त्या पायपुसण्यापाशी कळलं. त्या बाईंच्या तोंडावर इतका आनंद होता, की त्यांच्याकडे बघवेना.

"मला… घरी जायला हवं," ती म्हणाली. "आत्या, माफ करा." आणि ती वळून पावसात चालायला लागली.

तो मागून धावत आला. छत्री उघडायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"थांबा. ऐका ना."

"तुम्हाला माहीत होतं?" ती मागे न बघता म्हणाली.

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. पडद्यावर सरकार आला तेव्हापासून."

आता ती थांबली. "आणि तुम्ही दर गुरुवारी विचारत राहिलात. सर्दी, ऑपरेशन, पिल्लं… मी सांगत गेले आणि तुम्ही ऐकत गेलात?"

"आधी राग आला होता," तो म्हणाला. "म्हटलं, बघू तरी किती खोटं बोलते. मग गुरुवारची वाट बघायला लागलो. मग विचारणं थांबवायला हवं होतं, आणि… थांबवलं नाही. तुम्हाला बोलताना बघायला आवडायचं. ते वाईट केलं मी. तुम्ही अडकलात हे दिसत होतं आणि मी मजा बघत उभा राहिलो. त्याची मला लाज वाटते."

"तुमची लाज," ती म्हणाली, "माझ्या लाजेपुढे काही नाही."

"उद्या तुम्ही काहीही करा. मी कुणाला सांगणार नाही. उद्या मी सभेला येणारही नाही. फक्त त्याआधी तुम्हाला कळावं एवढंच हवं होतं."

"असं नका करू," ती म्हणाली. "शिव्या द्या. ते सोपं जाईल."

त्याला शिव्या देता आल्या नाहीत. ती निघून गेली.

घरी तिने ओले केस पुसता पुसता वहिनीला सगळं सांगितलं. चोरी, मांजरी, सर, पावशेर, सगळं. वहिनी भाजी चिरत होती, तिने सुरी बाजूला ठेवली.

"म्हणजे तू ज्याचं चोरलंस, त्याच्याच प्रेमात पडलीस?"

"आधी प्रेमात पडले बहुतेक. मग चोरलं. मग परत पडले."

दादा दारात येऊन उभा होता, कधीचा कोण जाणे. त्याने दीडशहाणी म्हणायला तोंड उघडलं, तिचा चेहरा पाहिला आणि मिटलं.

"उद्या सांगितलं तर नोकरी जाईल," ती म्हणाली.

"जाईलही," वहिनी म्हणाली. "आणि नाही सांगितलं तर?"

"तर तो काही बोलणार नाही. कधीच नाही. मला ते माहितीय."

"मग तुलाच बोलावं लागेल गं," वहिनी म्हणाली, आणि सुरी परत हातात घेतली.

सभागृह भरलं होतं. मॅडमनी तिची ओळख करून दिली, भरभरून. ती माइकसमोर गेली. टाळ्या वाजत होत्या, आणि त्या लवकर थांबाव्यात असं वाटत होतं.

"ही लायब्ररी मी लिहिलेली नाही," ती म्हणाली.

टाळ्या थांबल्या.

"ती 'पावशेर' या नावाने एका माणसाने लिहिली आणि सगळ्यांसाठी फुकट ठेवली. त्याची एकच अट होती, नावाची ओळ काढू नका. मी ती काढली. मला लिहिता आली नाही, आणि सापडली हे सांगायला कमीपणा वाटला. आज सकाळी ती ओळ परत घातलीय. मांजरीही त्याच्याच आत्याच्या आहेत. आता ती कशी चालते ते दाखवते, कारण ती फार चांगली आहे."

आणि तिने दाखवली. सगळी. आवाज दोनदा फुटला. समोर कुणीतरी शेजाऱ्याच्या कानात काहीतरी बोललं, कुणीतरी हसलं. मॅडम पहिल्या रांगेत ताठ बसून होत्या आणि तिच्याकडे बघत नव्हत्या. सगळ्यात जास्त तेच लागलं.

सभेनंतर मॅडमनी तिला बाजूला घेतलं. "वर मी शब्द टाकला होता तुझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "तो आता मला परत घ्यावा लागेल. जागा या वेळी तुला मिळणार नाही. पुढच्या वेळचंही मी सांगू शकत नाही."

"हो मॅडम."

"त्या माणसाची रीतसर परवानगी घ्यायची. पत्र तू लिहायचं, सही मी करीन. आणि गळतीचं काम अर्धवट सोडायचं नाही."

"म्हणजे मी… कामावर आहे?"

"कंत्राट संपेपर्यंत," मॅडम म्हणाल्या. दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "मला आधी सांगायचं होतंस गं. माझ्याजवळ सांगायचं होतंस." तिथे मात्र ती रडली.

पत्र टपालाने पाठवता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी ती स्वतः घेऊन कॉलेजात गेली. त्याचा तास चालू होता. ती वर्गाबाहेरच्या लांब व्हरांड्यात कठड्याला टेकून उभी राहिली. आतून त्याचा आवाज येत होता, मुलं हसत होती. तिला तिथून पळून जावंसं वाटलं, आणि तास संपू नये असंही वाटलं. पण घंटा झाली.

तो बाहेर आला. हात खडूने पांढरे झालेले. तिला बघून जागीच थांबला.

"खात्याचं पत्र आहे," ती म्हणाली. "परवानगीसाठी."

"ऐकलं मी. आमच्या विभागातले एक जण होते सभेला."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मुलगी थरथरत होती. पण खाली बसली नाही." त्याने पत्र घेतलं, उघडलं नाही. "जागा गेली?"

"गेली."

"वाईट झालं."

"झालं. आणि तुमचा राग?"

"आहे थोडा," तो म्हणाला. "खोटं नाही बोलत. ती लायब्ररी लिहिली तेव्हा कुणी वापरत नव्हतं. मी रोज बघायचो, आज तरी कुणी उतरवून घेतली का. आणि जेव्हा पहिल्यांदा कुणाला तरी इतकी आवडलेली दिसली, तेव्हा तिच्यावर माझं नावच नव्हतं."

माफी मागायचे सगळे शब्द तिने येताना वाटेत पाठ केले होते. त्यातला एकही याला पुरला नसता.

"मला एक सांगायचंय," ती शेवटी म्हणाली. "ते सभेत सांगितलं नाही. तुमचं ते माहितीपान मी रोज वाचायचे. कामासाठी नाही… नुसतंच. मला तो लिहिणारा आवडायला लागला होता. मग तुम्ही आलात. मग तुम्हीही. आणि मला वाटायचं, मी किती वाईट आहे, एकाशी बोलते आणि दुसऱ्याचं वाचते." तिचे कान पुन्हा तापले. "हे सगळ्यात लाजिरवाणं होतं. म्हणून शेवटी ठेवलं."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं, आणि या वेळी ते मध्येच थांबलं नाही.

"मला त्या माणसाचा हेवा वाटतो," तो म्हणाला.

"वाटू द्या. तो माझ्याकडून कधी खोटं वदवून घेत नव्हता."

"ते खरं." त्याने खडूचा हात रुमालाला पुसला, नीट, एकेक बोट. "मला खरं सांगायला किती दिवस लागतील तुला?"

"सुरुवात केलीय ना."

मागे वर्गाच्या खिडक्यांत मुलांची गर्दी जमली होती. सर कुणाशी बोलतायत ते बघायला पुढची पोरं मागच्यांना कोपरं मारत होती. त्याने ते पाहिलं, गोरामोरा झाला आणि मागे सरकला. "चल, खाली जाऊ. इथे सगळे बघतायत."

"बघू देत," ती म्हणाली. भरल्या सभेत सगळं बोलून झालं होतं. आता कुणी बघतंय याचं तिला काही वाटत नव्हतं. तिने पुढे होऊन त्याचा हात धरला, आणि वर्गातून आरडाओरडा झाला तरी सोडला नाही.